कापडाखालची बाई

आमच्या फोटोच्या दुकानात मी काय करते असं कुणी विचारलं, की माझा नवरा सांगायचा, "ती कागद तयार करते." ते खोटं नव्हतं. अंड्याचा पांढरा भाग फेसायचा, निथळायचा, कागदाला एकसारखा लावून वाळवायचा आणि मग त्यावर चांदीचं पाणी फिरवायचं, हे सगळं माझ्याकडे असे. उरलेले बलक मी थरांच्या केकमध्ये घालायचे. जावा बेटावरच्या सेमारांगच्या अख्ख्या चिनी आळीत आमच्याइतका केक कुठल्या घरात होत नसे, आणि नवऱ्याचं पोट त्याची साक्ष द्यायला सदैव पुढे असे. पण माझं आणखी एक काम होतं, ते मात्र तो कुणाला सांगत नसे. मी बायका झाकायचे.

दोन-तीन वर्षांचं मूल दहा अंक मोजेपर्यंत स्वस्थ बसवून दाखवा, मी तुम्हाला अख्खा केक देईन. मूल हललं की काचेवर नाकाडोळ्यांच्या जागी धुकं उमटतं. म्हणून गोऱ्या साहेबांची मुलं फोटोला आली, की मुलाची दाई खुर्चीत बसायची, मूल तिच्या मांडीवर, आणि मी दाईच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत पडद्याचं कापड टाकायचे. तिचे हात मुलाच्या झग्याच्या चुण्यांत लपवायचे. फोटोत वाटायचं, बाळराजे एकटेच कसे ऐटीत बसलेत. तोवर मी पन्नासेक तरी बायका झाकल्या असतील. त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मागाहून शहाणपण मिरवणाऱ्यांची मला चीड आहे.

त्या दिवशी सकाळी नऊला तुआन, म्हणजे साहेब, खेरित्सन आले. ते आतल्या मुलखातल्या एका साखर कारखान्याचे मोठे साहेब. त्यांच्याबरोबर अडीच वर्षांचा मुलगा, पांढरा झगा, कडक बूट, आणि त्याला कडेवर घेतलेली एक जावानी बाई. अंगात साधी काबाया, कमरेला तपकिरी बातिकचं लुगडं, कानात काही नाही. मी तिला नेहमीच्या सवयीनं जिन्याजवळचा बाक दाखवला. दाया तिथेच बसत आणि मला न्योन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणत.

"मी दाई नाही, न्योन्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी याची आई."

तेवढ्यात मुलगा तिची वेणी ओढत म्हणाला, "दाई, पाणी."

तिनं वेणी सोडवून घेतली. मग म्हणाली, "आई म्हण, तोले. पाणी देते." तोले म्हणजे बाळा.

तुआननी घड्याळ काढून पाहिलं, जणू काही ऐकलंच नाही.

पाच मिनिटांत मला सगळा उलगडा झाला. आमच्याकडे अशा गोष्टी कुणी समजावून सांगत नाही, त्या आपोआप कळतात. ती तुआनची न्याई होती, म्हणजे लग्नाशिवाय घरात आणलेली आणि बायकोसारखी वागवलेली. सहा वर्षं त्यांचं घर तिनं सांभाळलं होतं. आता तुआनचं लग्न झालं होतं, हातमोज्याचं. नवरी हॉलंडात, नवरा इथे, मग तिथे नवऱ्याच्या जागी त्याचा हातमोजा ठेवायचा आणि लग्न लावायचं. हातमोज्याशी लग्न केलेली ती बायको, आणि सहा वर्षं जिनं भात रांधला ती कोणी नाही, असा तो हिशेब. नवी बाई दोन महिन्यांत पोचणार होती. मुलगा मात्र कागदोपत्री तुआनच्या नावावर होता, त्यामुळे आईचा त्याच्यावर काडीचा हक्क उरला नव्हता. पुढच्या महिन्यात तो बोटीनं हॉलंडला आजीकडे जाणार होता. आजीला कळवलं होतं, मुलाची आई वारली. आणि घरातल्या सगळ्यांना हुकूम होता, मुलाला शिकवा, हिला दाई म्हणायचं.

"माझी आई म्हणते, आधी मूल दाखव," तुआन माझ्या नवऱ्याला सांगत होते. "धडधाकट आहे का, हातपाय सरळ आहेत का, रंग कसा आहे, सगळं दिसलं पाहिजे. बुटांसकट. उद्या बारा वाजता टपालाची बोट सुटते. ती चुकली तर पुढची पंधरा दिवसांनी."

"होईल, तुआन," माझा नवरा म्हणाला. त्याचं नाव ओई किम होक. गोऱ्या माणसापुढे तो दीड वीत बुटका व्हायचा. "मुलगा एकटा दिसेल. माझी बायको त्यात तरबेज आहे."

वर काचेच्या छताखाली आम्ही खुर्ची मांडली. ती बाई बसली, मुलगा मांडीवर. तिचं नाव कार्सिना, ते मी विचारून घेतलं, का कोण जाणे. एरवी विचारत नसे. मी कापड उचललं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली नाही, अडवलंही नाही. मी कापड टाकलं.

मुलानं मागे वळून पाहिलं आणि जो टाहो फोडला, तो खालच्या नदीवरच्या नावाड्यांनीही ऐकला असेल. त्याचंही काय चुकलं? आमच्याकडे पोरं दूध पितापिताच कफनात गुंडाळलेल्या भुताच्या गोष्टी ऐकतात, आणि आता त्याची आई डोळ्यांदेखत भूत झाली होती.

फोटो उतरतो तो औषध लावलेल्या काचेवर, आणि काच ओली आहे तोवरच ती चित्र घेते. सुकली की गेली. पहिली गेली, दुसरी गेली. मी खुळखुळा वाजवला, केक दाखवला, नवऱ्यानं बेडकाचा आवाज काढला. तिसऱ्या काचेवर मुलाला तीन तोंडं आली. चौथ्या वेळी ते मांडीवरून घसरून माझ्याकडे पळालं.

"त्याच्याशी बोल," तुआन कापडाकडे बघून म्हणाले. घाम पुसत होते. "गाणं म्हण. घरी म्हणतेस ना? तुझा आवाज ऐकून गप्प बसेल."

मुलगा माझ्यामागे लपून आणखीच रडायला लागला.

"कार्सिना, मी तुझ्याशी बोलतोय."

"कापडाला तोंड कुठे असतं, तुआन?" कापडाखालून आवाज आला.

माझ्या नवऱ्यानं एकदम कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं घातलं. मला हसू आवरेना म्हणून मी खुळखुळा उचलायला वाकले. तुआन मात्र हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते, असं माझं मत आहे. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. हे नुसते वेळ सांभाळणारे गृहस्थ होते. सूर्य वर चढत चालला होता, छताखाली भट्टी झाली होती, आणि काच आता लावतालावताच सुकत होती.

"काढा ते कापड," ते शेवटी म्हणाले. "तिच्यासकट फोटो घ्या. नंतर तिला पुसून टाका. पुसता येतं ना?"

"येतं, तुआन," नवरा म्हणाला. "माझी बायको त्यातही तरबेज आहे."

मी कापड ओढलं. कार्सिनाचे केस विस्कटले होते, तोंड घामानं भिजलं होतं. तिनं केस सारखे केले, मुलाला नीट बसवलं आणि दोन्ही हात त्याच्या पोटावर एकमेकांत गुंफले, उघड, झग्यावर. मग ती खालच्या आवाजात मुलाला काहीतरी सांगत राहिली आणि नवरा मोजायला लागला, तेव्हा गप्प झाली आणि समोर पाहू लागली. खूप माणसं कॅमेऱ्याकडे पाहतात तेव्हा भितात, नाहीतर ऐट करतात. बाजारात कुणी तराजूच्या काट्याकडे बघतं तशी ती कॅमेऱ्याकडे बघत होती. मुलगा दहापर्यंत हलला नाही.

काच उत्तम निघाली. काचेवर सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. तिथे तुआनचा लेक कोळशासारखा आणि कार्सिना दुधासारखी. नवरा ती उन्हात धरून म्हणाला, "काम झालं. आता हिला रंगवून टाक. बारा कार्डं, उद्या सकाळी दहाला ते येतील." आणि तो पलीकडच्या आळीत एका मयताचा फोटो काढायला निघून गेला. मेलेली माणसं हलत नाहीत म्हणून त्याला फार आवडत.

पुसायचं म्हणजे काचेवर त्या जागी काळा रंग लावायचा. रंगातून ऊन जात नाही, कागदावर तिथे कोरं पांढरं राहतं. मी तिचं तोंड रंगवलं, खांदे रंगवले, काबाया, बातिक, सगळं. हातांपाशी आले तेव्हा ब्रश थांबला. हात मुलाच्या पोटावर होते. हात रंगवायचे तर मुलाचं पोटही जायचं. मी हात ठेवले, आणि नमुन्याला एक कागद उन्हात छापून काढला.

तो कागद अजून मला डोळ्यांपुढे दिसतो. पांढऱ्याफटक पोकळीत बसलेलं गोजिरवाणं मूल, आणि कुठूनतरी आलेले दोन सावळे हात त्याला घट्ट धरून. कापडाखालच्या पन्नास बायका मला तेव्हा पहिल्यांदा आठवल्या. एकीचंही नाव मला ठाऊक नव्हतं. माझी मलाच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे.

दुपारी तीनला कार्सिना एकटीच आली. मुलगा ते उतरले होते त्या घरी झोपला होता. "झाला का फोटो?" तिनं विचारलं.

मी कागद पुढे केला. लपवण्यात अर्थ नव्हता.

तिनं बराच वेळ पाहिलं. "हात माझेच आहेत," ती म्हणाली. "तोंड कुठे गेलं?"

"तुझ्या तुआननी सांगितलं पुसायला."

"ते मी ऐकलं. पुसलं कुणी?"

मी कागद तिच्या हातातून परत घेतला. मग उगाच घाईघाईनं म्हणाले, "हे बघ, रंग धुता येतो. काच शाबूत आहे. मी तुला तुझ्या तोंडासकट एक छापून देते. नवऱ्याला कळणार नाही. तुझ्यापाशी ठेव."

"मला काय करायचाय?" ती म्हणाली. "माझ्या पोराचं तोंड मला पाठ आहे. त्याच्या उजव्या कानामागे तीळ आहे, तो तुमच्या फोटोत आलाय का? मी म्हातारी होईन तरी विसरणार नाही. विसरणार आहे तो. फोटो त्याला पाहिजे, न्योन्या. मला नको."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आम्ही फोटोवाले माणसं, आम्हाला वाटतं फोटो जो घरी राहतो त्याच्यासाठी असतो.

मी विचार केला आणि मला एक हुशारी सुचली. "कार्डाच्या पुठ्ठ्यावर आधी तुझा फोटो चिकटवते," मी म्हणाले. "त्याच्यावर हा तोंड पुसलेला. कुणाला दिसणार नाही. पुढेमागे कार्ड जुनं होईल, वरचा कागद सुटेल, तेव्हा खाली तू."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे पुन्हा कापड," ती म्हणाली. "तुम्हाला दुसरं काही येत नाही का?"

माझ्या आईनंतर मला असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. मी उठले, ओला कापूस घेतला आणि काचेवरचा काळा रंग पुसायला लागले. पुसतापुसता म्हणाले, "मग काय करू ते तू सांग."

"मी दिसले पाहिजे. आणि मी कोण ते लिहिलेलं पाहिजे. नुसतं तोंड पाठवलं तर ते म्हणतील दाई होती. तोंडावर थोडंच लिहिलेलं असतं?"

लिहिणं मला येतं. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात नंबर मीच सुईनं खरवडते, आरशातल्यासारखा उलटा, म्हणजे कागदावर सुलटा उमटतो. आमच्या घराण्याचं नाव चिनी, पण चिनी अक्षर माझ्या बापालाही वाचता येत नव्हतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जावानी अक्षरांतच लिहीत आलो. कार्सिनाला मात्र कुठलंच अक्षर येत नव्हतं.

"जावानीत लिहिते," मी म्हणाले. "तुआनला ते वाचता येत नाही. वेलबुट्टी समजतील."

"तुम्ही लपवायला म्हणून लिहू नका," ती म्हणाली. "उघड लिहा. ज्याला येईल तो वाचील."

"काय लिहू?"

हे तिनं आधीच ठरवलेलं असणार, कारण ती अडखळली नाही. "कार्सिना, आद्रियानची आई."

"कोपऱ्यात लिहिलं तर कात्रीनं कापतील," मी म्हणाले. आता माझंही डोकं चालायला लागलं होतं, आणि एकदा ते चालायला लागलं की नवऱ्याला घाम फुटतो. "मुलाच्या बुटांवरून लिहिते. आजीबाईंना बूट बघायचेत ना? अक्षरं कापायची तर पाय कापावे लागतील."

ती पहिल्यांदा हसली. पुढचे दोन दात काढलेले दिसले, बहुतेक तिनंच कधीतरी दुखलं म्हणून काढून घेतले असावेत. मी सुई घेतली. श्वास धरून एकेक अक्षर उलटं कोरलं. तिनं मला ते दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग आम्ही दोघींनी मिळून काच आणि कागद एकत्र दाबून धरणारी चौकट गच्चीत मांडली, एका वेळी एक कागद. ऊन सरकेल तशी ती चौकट सरकवत होती, आणि कागद पिकला का ते बघायला मी झाकण उघडत होते. बारा कागद झाले तेव्हा ऊन संपत आलं होतं. ती गेली. मी कागद धुतले, वाळवले, पुठ्ठ्यांवर चिकटवले.

नवरा घरी आला तेव्हा सूर्य बुडाला होता आणि बारा कार्सिना टेबलावर ओळीनं वाळत पडल्या होत्या.

"हे काय?" तो म्हणाला.

"बारा कार्डं. सांगितली होती ना?"

"ही बाई का आहे यात? आणि हे काय लिहिलंय?" त्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. "अगं, तुला वेड लागलंय का? कारखान्याचे सगळे साहेब त्यांच्या शब्दावर इथे येतात. उद्या ते आपल्या दाराला टाळं ठोकतील."

"मग पुसा तुम्ही."

"आता कसं पुसू? ऊन कुठाय?"

"ते मला काय माहीत? सूर्य तुमचा मेव्हणा आहे, बोलवा त्याला."

तो जेवला नाही. केकही खाल्ला नाही, म्हणजे खरंच घाबरला होता. थोड्या वेळानं मी जवळ गेले आणि तो कोरा, हातांचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो दिव्याजवळ नेला. माझा नवरा भित्रा आहे, पण फोटो त्याला कळतो. मयतांचे फोटो काढून काढून त्याला एक नजर आली आहे. "हा तर मेलेल्या पोराचा वाटतो," तो म्हणाला, आणि उलटा करून ठेवला. मग झोपायला जाताना म्हणाला, "विचारलं तर मी सांगेन दुकानाची खूण आहे. तू मध्ये तोंड उघडू नकोस."

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तुआन आले, मागून मुलाला घेऊन कार्सिना. तुआननी वरचं कार्ड उचललं आणि त्यांची मान ताठ झाली.

"मी पुसायला सांगितलं होतं."

मी तो हातांचा कागद पुढे सारला. "पुसलं होतं, तुआन. हे असं दिसतं."

त्यांनी तो पाहिला. हातांकडे पाहिलं. तो कागद त्यांनी परत माझ्याकडे ढकलला, लांब. मग पुन्हा कार्डाकडे वळले. "आणि हे खाली काय आहे?"

"दुकानाची खूण, तुआन," माझा नवरा म्हणाला. इतकं सफाईदार खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता. "हल्ली आम्ही असं नक्षीचं..."

"माझं नाव आहे," कार्सिना म्हणाली.

माझ्या नवऱ्यानं डोळे मिटले.

"मला वाचता येत नाही, पण काय लिहिलंय ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "कार्सिना, आद्रियानची आई. न्योन्यांनी लिहिलं, मी लिहायला सांगितलं. यांना बोल लावू नका."

तुआननी टेबलावरची माझी मोठी कात्री उचलली. कार्ड आडवं धरलं, कात्रीचं तोंड अक्षरांच्या वर नेलं, बुटांच्या वर, मुलाच्या पोटऱ्यांपाशी. तिथे ती थांबली. मी बोलायचं नाही असं नवऱ्यानं बजावलं होतं.

"पाय जातील, तुआन," मी म्हणाले. "आजीबाई म्हणतील, पोराला पाय आहेत की नाहीत."

"नवीन छापा."

"अडीच तास लागतील. ऊन चांगलं असलं तर."

बंदराकडून भोंगा वाजला, पहिला. तुआननी कात्री ठेवली. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण ओरडले नाहीत. खुर्ची ओढून बसले, आणि दौत मागवली. "ठीक आहे. मागे मी लिहीन. प्रत्येक कार्डावर. आद्रियान, दाईबरोबर."

नवऱ्यानं धावत जाऊन दौत आणली.

"लिहा," कार्सिना म्हणाली. "मागची बाजू तुमची. पुढे माझं लिहून झालंय."

"तिकडे कुणालाही ही अक्षरं वाचता येत नाहीत, कार्सिना. तुला कळतंय का? एकालाही नाही."

"तो मोठा होईल. बुटांवर काय लिहिलंय ते विचारील. एकाला नाही आलं तर दुसऱ्याला विचारील. माझा मुलगा आहे, तो सोडायचा नाही."

तुआननी टाक बुडवला, पहिलं कार्ड उलटं केलं आणि लिहायला लागले. प्रत्येकावर तेच. टाकाचा कुरकुर आवाज आणि खाली बाजारात बदकवालीचं ओरडणं, एवढंच ऐकू येत होतं. मी शाई टिपून देत होते. मला त्यांच्या हाताला चावावंसं वाटत होतं, पण मी शाई टिपत होते.

शेवटचं कार्ड अजून लिहायचं होतं. कार्सिनानं ते ढिगावरून उचललं, तुआनच्या समोरून, आणि जमिनीवर मांडी घालून बसली. मुलाला पुढ्यात घेतलं आणि कार्ड त्याच्यासमोर धरलं.

"ही कोण?"

मुलानं बोट ठेवलं ते स्वतःवर. "आदि."

"हो, हा आदि. आणि ही कोण?"

"दाई," मुलगा म्हणाला. शिकवलेलं चोख आलं.

"नाही. ही कोण?"

"दाई."

"नाही, तोले. नीट बघ. ही कोण?"

तिनं त्याला रागावून विचारलं नाही, की रडवेली होऊनही नाही. मुलाला बटण लावायला शिकवताना बायका जशा विचारतात तसं विचारत होती, पुन्हा पुन्हा. मुलगा कंटाळला, पाय झाडायला लागला. तिनं पाय धरले. "ही कोण?" माझा नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. दुसरा भोंगा वाजला. तुआन लिहायचे थांबले आणि शेवटच्या कार्डासाठी हात पुढे करून बसले, पण त्यांनी ते ओढून घेतलं नाही.

"ही कोण?"

मुलानं चित्रातल्या बाईवर बोट ठेवलं. मग मागे वळला, तिच्या गालावर पंजा ठेवला, एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"आई," तो म्हणाला.

तुआनचा हात तसाच पुढे होता. कार्सिनानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"बरोबर," ती मुलाला म्हणाली. "आता परत सांग."